पार्टी रविवारी येणार

आमच्या धंद्यात घर बघायला येणाऱ्या गिऱ्हाइकाला 'पार्टी' म्हणतात. मी नवीन होते तेव्हा फोनवर "रविवारी पार्टी आणते" म्हटलं की स्वयंपाकघरातून माझ्या सासूबाई विचारायच्या, किती माणसांचं करायचं? त्यांना समजावण्यात माझी पहिली काही वर्षं गेली. पुढे त्या स्वतःच शेजारणींना सांगू लागल्या की आमच्या मार्थाची पार्टी पसंत पडली. हे ऐकून आमच्या गिरीज गावात माझ्या मुलीचं लग्न ठरल्याची बातमी पसरली होती. मुलगी तेव्हा चौथीत होती.

माझं घरांच्या दलालीचं दुकान वसईत माणिकपूरला, रिक्षा स्टँडच्या समोर. आता ते भाचीच्या ताब्यात आहे. मी अधूनमधून जाऊन बसते. बिल्डरची नवीन घरं मी कधीच विकली नाहीत. माझं काम राहत्या घरांचं, म्हणजे ज्यांत माणसं अजून झोपतात, भांडतात, मासे तळतात, अशा घरांचं. ती विकणं अवघड. नव्या घरात पार्टीला फक्त भिंती दिसतात. राहत्या घरात मालकाचं सगळं आयुष्य मध्ये उभं असतं.

लोक दुकानात येतात आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं. ताई, घर विकायचंय, तर आधी किचन नवीन करून घेऊ का? लाद्या बदलू का? मी त्यांना पाणी देते आणि वसईतल्या एका गृहस्थांची गोष्ट सांगते. त्यांनी विकण्यासाठी म्हणून बाथरूमला काळ्या चकचकीत टाइल्स लावल्या, सोनेरी नळ बसवले. पार्टी आत गेली, बाहेर आली आणि तिने पहिला प्रश्न विचारला की हे सगळं काढून टाकायला किती दिवस लागतील?

खर्च नको, मेहनत करा, असं मी सांगते. बंद बाथरूमच्या जाळीत पाणी ओता, कारण तिथलं पाणी सुकलं की गटाराचा वास वर येतो आणि अख्खं घर आजारी वाटतं. गळक्या नळाचा वॉशर बदला. करकरणाऱ्या दाराला तेल घाला. स्विचबोर्डांवरचे बोटांचे डाग पुसा. बाल्कनी रिकामी करा. अर्धं सामान नातेवाइकांकडे पाठवा. पार्टी घरात शिरली की मनातल्या मनात आपलं कपाट कुठे लागेल ते बघत असते. तिला तेवढी मोकळी भिंत दिसली पाहिजे. पडदे काढा, काचा धुवा. एवढ्यावर मी कितीतरी घरं विकली आहेत. मला त्या कामाची नशा आहे, हे कबूल करायला लाज वाटत नाही. घाणेरडं, कोंदट घर बघितलं की माझे हात शिवशिवतात.

पण जाळीत पाणी ओतून न जाणारा वासही असतो. तो मला संजय आणि मेघनाच्या घरात आला.

गेल्या वर्षी गणपती झाल्यावरची गोष्ट. मेघना दुकानात आली. विरारला शाळेत शिकवते, चाळिशीची, बोलणं मोजकं. त्यांचा माणिकपूरला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट होता. दुसऱ्या एका एजंटने बऱ्याच पार्ट्या दाखवल्या, एकही परत आली नाही. घर चांगलं, रस्ता चांगला, स्टेशन चालत. मग अडतंय काय, ते बघायला मी त्याच संध्याकाळी गेले.

दार संजयने उघडलं. तो एका कंपनीत हिशेबाचं काम बघतो. उंच, जरा वाकलेला, चष्म्यातून खाली बघत बोलणारा. हॉलमध्ये त्याची गादी गुंडाळून ठेवलेली. आतल्या खोलीत मेघनाचं सामान. दाराशी चपलांची दोन कपाटं. फ्रिजमध्ये दुधाच्या दोन पिशव्या, एक वरच्या कप्प्यात, एक खालच्या. मी काही विचारलं नाही. मेघनानेच सांगितलं की ती दोघं वेगळी होताहेत. संमतीने, वकिलाकडे कागद झालेत, भांडण नाही. घर विकलं की दोघं आपापल्या वाटेने जाणार.

भांडण खरंच नव्हतं. बोलणंच नव्हतं. संजय मला म्हणाला, यांना सांगा की किचन नवं केल्याशिवाय घराला भाव येणार नाही. मेघना त्याच खोलीत, हाताच्या अंतरावर उभी. ती मला म्हणाली, त्यांना सांगा की मी विरारला शाळेजवळ छोटं घर बघून ठेवलंय, तो मालक थांबायला तयार नाही, मिळेल त्या भावाला विकून मोकळं व्हायचंय. मी मध्ये उभी राहून मान इकडून तिकडे फिरवत होते.

मला दोन गोष्टी लगेच दिसल्या. एक, हे असंच चाललं तर संमती फार दिवस टिकणार नाही. तो भावावर अडेल, ती घाईवर, आणि दोघं एकमेकांचे वैरी होऊन कोर्टात उभी राहतील. दुसरी गोष्ट पार्टीची. मी विचारलं, पाण्याचा त्रास आहे का? संजय म्हणाला, नाही. मेघना खिडकीबाहेर बघत राहिली. मी विचारलं, छताला तो पिवळा डाग कसला? मेघना म्हणाली, जुना आहे. आता संजय खिडकीबाहेर बघू लागला. कुठल्याही पार्टीला वाटणारच की इथे काहीतरी लपवताहेत. मुद्दाम लपवत कुणी नव्हतं. एक बोलला की दुसऱ्याने गप्प बसायचं, हा त्यांचा नियम झाला होता.

मी सांगितलं, किचनला हात लावायचा नाही आणि भावही पाडायचा नाही. मला पुढच्या रविवारपर्यंत द्या. माझ्याकडे एक पार्टी आहे, ती रविवारी येईल. तोवर दोघांनी मी सांगेन ते काम करायचं. "यांना सांगा, त्यांना सांगा" माझ्याकडे चालणार नाही, मी टपाल खात्यात नाही.

आणि मग सुरू झाला माझा आवडता आठवडा. दोघंही नोकरीवरून आली की मी हजर. बाल्कनीत व्यायामाची मोडकी सायकल, गंजलेला कूलर, मातीच नसलेल्या कुंड्या. सगळं भंगारवाल्याकडे गेलं आणि हॉलमध्ये इतका उजेड आला की संजय चष्मा काढून पुसू लागला. मेघनाने खिडक्यांच्या काचा धुतल्या. संजयने ग्रिल घासून तेलाचा हात फिरवला, नळ दुरुस्त केले. त्याला हे सगळं येतं हे मला माहीत नव्हतं. मेघनाच्या चेहऱ्यावरून वाटलं की तिला माहीत होतं, पण ती विसरली होती.

रंगासाठी मी मधुकरला बोलावलं. मधुकर आमच्या खाडीकडचा. वडील मिठागरात काम करायचे, हा शिडीवर चढला तो कायमचा. माझ्या प्रत्येक कामाला तोच. मला बाय म्हणतो. सगळं घर रंगवायचं नव्हतं, फक्त हॉलचं छत आणि दारासमोरची भिंत. त्या भिंतीला एक जुनं लाकडी कपाट चिकटलेलं होतं. मधुकर म्हणाला, बाय, हे हललं पायजे. त्याच्या एकट्याने ते हललं नाही, आणि माझ्या कमरेचं मी कुणाला सांगत नाही.

संजय एका बाजूला गेला. मेघना जरा थांबली, मग दुसऱ्या बाजूला गेली.

"उचल," संजय म्हणाला.

"तुझी बाजू खाली घे," ती म्हणाली.

मी तिथे यायला लागल्यापासून त्यांनी एकमेकांशी बोललेले हे पहिले शब्द. कपाट सरकलं. मागे भिंतीचा चौकोन होता, कोवळ्या केळीच्या पानासारखा हिरवा. बाकीची सगळी भिंत राखाडी पडली होती. ती मुळात राखाडीच होती असं दोघंही धरून चालली होती. संजयने त्या चौकोनावर हात फिरवला. मेघना मधुकरकडे वळली आणि म्हणाली, हाच द्या. मधुकरने दुकानातून तसा रंग मिळवून आणला. मला विचाराल तर हॉलला पांढरा बरा, पार्टीला पांढरा आवडतो. पण त्या वेळी मी तोंड बंद ठेवलं.

शनिवारी रात्री घर तयार झालं. छत पांढरंशुभ्र, भिंत हिरवी, ट्यूबलाइटच्या जागी पिवळसर दिवे. चपलांचं एकच कपाट दाराशी ठेवलं, दुसरं माझ्या दिराच्या गोठ्यात गेलं. मी घरी जाऊन नवऱ्याला सगळं इतकं रंगवून सांगितलं की तो म्हणाला, आपणच घेऊया का?

रविवारी चर्चमध्ये मिस्सा आटोपून मी सरळ तिकडे गेले. पार्टी अकराला यायची होती. सुषमा गव्हाणे दवाखान्यात नर्स, नवरा शाळेची बस चालवतो. चिंचोटीच्या बाजूला भाड्याने राहत होती. घरं बघून बघून थकलेली, पण घ्यायचंच असं ठरवलेली. असली पार्टी दहा वेळा दार वाजवत नाही. इतक्या वर्षांनंतरही मला अशा वेळी परीक्षेला बसल्यासारखं वाटतं.

मेघनाने चहाचं आधण ठेवलं होतं. मी हॉलच्या मधोमध उभी राहून छताकडे कौतुकाने बघत होते. आणि माझ्या कपाळावर थेंब पडला.

मला आधी कळेचना. मग दुसरा पडला. जुन्या डागाच्या जागी, नव्या पांढऱ्या रंगावर, तपकिरी गोल उमटला आणि आमच्या डोळ्यांदेखत पसरत पंख्यापर्यंत गेला. पंख्याच्या दांडीवरून धार लागली. संजयने धावत जाऊन मेन स्विच पाडला. दिवे गेले. मधुकर उरलेले डबे न्यायला आला होता. तो मान वर करून म्हणाला, "पानी वरून येतंय, बाय. भरलेलं आहे वर."

वर घोलपकाका राहायचे. एकटे, निवृत्त. त्यांचं आणि संजयचं या डागावरूनच वाजलं होतं. दोन पावसाळे झाले, बोलणं बंद. मेघनाला वाटायचं संजयने उगाच तोंड सोडलं, संजयला वाटायचं हिने आपली बाजू घेतली नाही. हे सगळं मला नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच दिसलं की संजय दाराकडे निघाला आणि त्याच्या मुठी वळलेल्या होत्या.

मेघनाने त्याचा दंड धरला.

"तू वर जा. मी खालचं बघते," ती म्हणाली. "आणि भांडू नकोस. ते घाबरलेले असतील."

तो गेला. मधुकर त्याच्या मागे. मेघनाने टब आणला, बादल्या आणल्या, पलंगावरच्या चादरी ओढून काढल्या. मी साडी खोचून फरशीवर बसले आणि पिळत सुटले. धार टबात, थेंब बादलीत, आणि हिरव्या भिंतीकडे निघालेला ओघळ मेघनाने आपल्या ओढणीने अडवला. मला हसू आवरेना. आठवडाभर घासलेल्या घरात आम्ही दोघी बेडकांसारख्या उड्या मारत होतो.

तेवढ्यात खालून फोन आला. गव्हाणे वेळेआधीच पोचले होते. जिना चढायला लागू का, असं विचारत होते.

धंदा सांगतो की अशा वेळी पार्टीला खालीच अडवायचं. समोर चहा पाजायचा, चर्च दाखवायचं, बाजार दाखवायचा, तासभर काढायचा. मी फोनवर हात ठेवून मेघनाला तेच सुचवलं. ती गुडघ्यावर बसलेली, केसांतून पाणी टपकतंय.

ती म्हणाली, "येऊ दे त्यांना. घर घेतलं की त्यांच्या डोक्यावर पडणारच आहे ना हे पाणी? आत्ताच बघू दे."

मी फोनवर म्हटलं, या. आणि मनात म्हटलं, गेली पार्टी.

दार उघडंच होतं. सुषमा उंबऱ्यावर थबकली. मागे नवरा, हातात पेढ्यांचा पुडा. घर बघायला जाताना पुडा आणणारी पार्टी मी पहिल्यांदाच बघत होते. मेघना उभी राहिली, हात पुसले आणि सांगितलं की वरून पाणी आलंय, आत्ताच, आमचे हे वर गेलेत. सुषमाने चपला काढल्या, सलवार वर घेतली आणि भरलेली बादली उचलून मोरीत ओतून आली. दवाखान्यातली बाई, तिला सांगावं लागलं नाही. नवऱ्याने पुडा खिडकीत ठेवला आणि टब सरकवला.

थोड्या वेळाने धार बारीक झाली, मग थांबली. संजय खाली आला, गुडघ्यापर्यंत भिजलेला. त्याच्या मागे घोलपकाका, लुंगी वर खोचलेली, चेहरा पडलेला. त्यांच्या कपडे धुण्याच्या मशीनचा पाइप निसटला होता. पाणी हॉलभर झालं होतं आणि काका एकटेच ती मशीन उचलायला बघत होते. संजयने नळ बंद केला, मधुकरने आणि त्याने मिळून पाणी बाहेर काढलं.

सुषमाने छताकडे बोट केलं आणि मालकांना विचारायचा तो प्रश्न विचारला.

"हे आधीपण गळायचं?"

मी डोळे मिटले. आता एक बोलणार, दुसरा खिडकीबाहेर बघणार.

"हो. पावसाचं नाही," दोघं एकदमच म्हणाली. मग दोघं थांबली. संजयने मेघनाकडे बघितलं आणि हाताने तिला पुढे बोल अशी खूण केली. तिने सांगितलं की वरची मशीन चालली की डाग ओला होतो, या भिंतींना दुसरीकडे कुठेही ओल नाही, हवं तर कपाटं हलवून दाखवतो. संजयने त्यात भर घातली की मशीन हॉलमधून काढून काकांच्या मोरीत नेली तर कायमचं थांबेल.

सगळे काकांकडे बघू लागले. दोन पावसाळे हा माणूस कुणाचं ऐकत नव्हता. ते टॉवेलने हात पुसत राहिले. मग म्हणाले की मोरीत मशीन बसते, पण ती एकट्याने हलत नाही, म्हणून राहिली. कुणाला सांगायचं? खालच्यांशी तर भांडण. संजय म्हणाला, आज संध्याकाळी हलवू.

मग सुषमाने घर बघितलं. दिवे नव्हते, पण काचा धुतलेल्या होत्या, बाल्कनीतून ऊन येत होतं. तिने प्रत्येक नळ सोडून बघितला, प्रत्येक खिडकी उघडली. कपाटामागे वाकून बघितलं. हिरव्या भिंतीपुढे ती जरा जास्त वेळ उभी राहिली आणि नवऱ्याला म्हणाली, आपला देव्हारा इथे. धंद्यात याला टोकन, म्हणजे इसार, मिळाल्यासारखंच समजतात. चहा झाला, पेढे झाले, पेढे काकांनीही खाल्ले. भावाची बोलणी फार ताणली गेली नाहीत. सुषमाची एकच अट होती की मशीन हललेली बघेन तेव्हाच टोकन देईन. संध्याकाळी ती खरोखर परत आली आणि वर जाऊन बघून आली.

त्या रात्री मला झोप आली नाही, आनंदाने. घर विकलं गेलंच होतं, पण मला वेगळीच आशा लागली होती. आठवडाभर मी त्या दोघांना एकत्र राबताना बघितलं होतं. "तू वर जा, मी खालचं बघते," हे वाक्य ज्या घरात बोललं जातं ते घर मोडतं कसं, मला समजत नव्हतं. आमच्यात लग्नाचा विषय असा सोडून देत नाहीत. फादरकडे जायच्या आधी चार मावश्या बोलून जातात.

म्हणून रजिस्ट्रेशनच्या दिवशी मी मावशी झाले. वसईच्या कार्यालयात नंबर लागायला वेळ होता, संजय झेरॉक्स काढायला गेला होता. मी मेघनाला म्हटलं, तुम्ही दोघं किती छान काम केलंत, अजून वेळ गेलेली नाही, परत विचार करा.

ती रागावली नाही.

"ताई, तो आठवडा चांगला गेला, खरंच," ती म्हणाली. "पण तो आठवडाच होता, हे दोघांना माहीत होतं. म्हणून जमलं."

मग आमचं नाव पुकारलं. फोटो झाले, अंगठे झाले. संजयने दोन्ही किल्ल्या सुषमाच्या हातात दिल्या. सुषमाच्या नवऱ्याने भाबडेपणाने विचारलं की तुम्ही नवीन घर कुठे घेतलंत? मेघना म्हणाली, मी विरारला. संजय म्हणाला, मी नायगावला. गव्हाणे बराच वेळ हिशेब जुळवत होते.

सुषमाने वास्तुशांतीला आम्हा सगळ्यांना बोलावलं. मला वाटलं दोघांपैकी एकच येईल. संजय आधी आला, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसला. मेघना शाळा सुटल्यावर आली. हिरव्या भिंतीला देव्हारा लागला होता, छत पुन्हा पांढरं झालं होतं. घोलपकाका पाहुण्यांना जणू स्वतःचंच घर असल्यासारखे खोल्या दाखवत होते. मेघना घामाघूम होऊन आली होती. तिला बघून संजय उठला, सवयीने सरळ स्वयंपाकघराकडे पाणी आणायला गेला आणि दाराशी पोचून एकदम थांबला. आत ओट्यापाशी सुषमा पुऱ्या लाटत होती. त्याने चौकटीवर बोटांनी हलकेच टकटक केली.

"आत येऊ का?" त्याने विचारलं.

मेघनाने ते बघितलं आणि ती हसली. मी तिला तशी मोकळी हसताना कधीच बघितलं नव्हतं. तिचं बघून तोही हसला, दारातच उभा राहून.

सुषमाने लाटणं बाजूला ठेवलं.

"या ना, दादा," ती म्हणाली. "पण ग्लास आता डावीकडे ठेवलेत."